तक्ता चौदातला झरा

फॉर्मबाईला खऱ्या नावाने हाक मारणारी एक आई तेवढी उरली होती, आणि आईलाही हल्ली नावं आठवत नव्हती. ऑफिसात ती फॉर्मबाई, जीपच्या ड्रायव्हरला फॉर्मबाई, आणि घरी नवरासुद्धा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा, "फॉर्मबाई, चहाचं काही जमतंय का?" तिला त्याचं काही वाटायचं नाही. बावीस वर्षं जिने फॉर्मच भरले, तिला लोक दुसरं काय म्हणणार?

काम सांगायला सोपं. कुठे काही मोठं व्हायचं असलं, धरण म्हणा, रस्ता म्हणा, खाण म्हणा, की आधी एक अहवाल करावा लागतो. याने तिथल्या माणसांचं काय होईल, पाण्याचं काय होईल, झाडाझुडपांचं काय होईल, ते सगळं त्यात यावं लागतं. अहवाल लिहिणारे साहेब पंख्याखाली बसतात. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणा ना! आणि त्या शेळ्यांच्या मागे उन्हातान्हात फिरायला असते फॉर्मबाई. घरात माणसं किती, जनावरं किती, पाणी कुठून भरता, जळण कुठून आणता, आजारी कोण आहे. एका अहवालाला चपलांचा एक जोड जातो, असं ती सांगायची. गुडघे किती गेले ते लिहायला तक्ता नव्हता.

ऑफिसात नव्या मुली आल्या की ती त्यांना दोन गोष्टी सांगायची. माणूस बोलेल तेच लिहायचं, आपली अक्कल मध्ये घालायची नाही. आणि कुणाला शब्द दिला तर तो पाळायचा, कारण पुढच्या वेळी पुन्हा त्याच दारात उभं राहायचं असतं. मुली मान हलवायच्या आणि सावलीत बसून चार-चार फॉर्म एकाच उत्तराने भरून आणायच्या. पालथ्या घड्यावर पाणी. फॉर्मबाईने शेवटी सांगणंच सोडून दिलं.

तिचं शेवटचं मोठं काम तेलाचं होतं. डोंगराच्या पोटात तेल आहे असं कुणाला तरी सापडलं होतं, आणि तिथे आठ तेलविहिरी खोदायच्या होत्या. डोंगराच्या पायथ्याशी एकशे चाळीस घरांची वस्ती. फॉर्म बावीस पानी, तक्ते त्रेचाळीस. त्यातला तक्ता चौदा पाण्याचा: विहीर, नळ, झरा, तळं, काय असेल ते. आणि तक्ता एकतीस "लोकांना महत्त्वाच्या वाटणाऱ्या जागा" असा. तक्ता एकतीसपर्यंत पोचेतो सांगणारा आणि लिहिणारी, दोघंही टेकीला आलेले असायचे. तो प्रश्न फॉर्मबाई नेहमी उठता उठता विचारायची, पेनाला टोपण लावत. लोक म्हणायचे, स्मशान आहे, शाळेचं मैदान आहे. ती म्हणायची, बरं. झालं.

या वस्तीत तिला एक गोष्ट पहिल्या दोन दिवसांतच खटकली. पाणी कुठून भरता, म्हटलं की प्रत्येक दारात एकच उत्तर: नळ. दोन वर्षांपूर्वी वस्तीच्या पुढाऱ्याने खटपट करून नळ आणला होता, तेव्हा पुरुष छाती फुगवून "नळ!" म्हणायचे ते ठीक. पण बायकाही म्हणायच्या. आणि म्हणताना एकमेकींकडे बघायच्या नाहीत. आता बावीस वर्षांत फॉर्मबाईने असं एक गाव पाहिलं नव्हतं जिथे एकशे चाळीस घरांचं एकाही गोष्टीवर एकमत आहे. लोक स्वतःच्या मुलांची वयंसुद्धा एकाच घरात दोन सांगतात! पण माणूस बोलेल तेच लिहायचं, म्हणून तिने लिहिलं. नळ, नळ, नळ.

तिसऱ्या दिवशी तिच्या पिशवीचा पट्टा तुटला, म्हणून ती वस्तीतल्या शिवणवालीकडे गेली. शिवणवाली तिच्याच वयाची, दारातच मशीन मांडून बसलेली, आणि तोंड मशीनपेक्षा जोरात चालणारं. पट्टा शिवून होईपर्यंत फॉर्मबाईने तिचाही फॉर्म भरून घेतला. तक्ता एकतीसला ती उठली, टोपण लावलं, "महत्त्वाची जागा वगैरे काही?" म्हणाली. शिवणवाली दोरा दाताने तोडत म्हणाली, "स्मशान. आणखी काय?" फॉर्मबाईने सही घेतली. आणि मग चहाचं आधण ठेवलेल्या पातेल्याकडे तिची नजर गेली.

"काय गं," ती म्हणाली, "हे पातेलं नवीन आहे का?"

"लग्नातलं आहे. का?"

"इथल्या नळाच्या पाण्याने दोन दिवसांत माझ्या बाटलीला पांढरा थर बसला. तुझं पातेलं आतून लखलखीत. बाहेरच्या त्या घागरीही लखलखीत. खरं सांग, पाणी कुठलं हे?"

शिवणवालीने मशीनचं चाक हाताने थांबवलं. ती एवढ्या मोठ्याने हसली की शेजारची डोकावून गेली. "तुझे डोळे आहेत का एक्स-रे? चल. पण आधी शपथ घे. लिहायचं नाही."

"का? चांगली गोष्ट आहे की."

"चांगली आहे म्हणूनच. आमच्याकडे चांगलं काही दिसलं की पुढाऱ्याला त्यावर मोटर बसवावीशी वाटते."

फॉर्मबाईने शब्द दिला.

टेकाडाच्या मागे, काटेरी झुडपांतून वाट काढत गेलं की खडकाला एक भेग होती. तिच्यातून बोटाएवढी धार पडायची, खाली न्हाणीएवढं डबकं, आणि भोवती बसून बसून गुळगुळीत झालेले सात-आठ सपाट दगड. तिकडे बायकांचं धुणंबिणं असतं म्हणून पुरुष कधी वळायचे नाहीत. त्यांना तिथे ओल आहे एवढं माहीत होतं, आणि तेवढ्यावर ते खूश होते. फॉर्मबाई गेली तेव्हा तिथे नऊ-दहा जणी होत्या. पाणी भरत होत्या दोघी. एक मुलगी परीक्षेचं पाठ करत होती. एक नवी सून दगडाला टेकून झोपली होती, अगदी तोंड उघडं टाकून. "घरी तिला झोपायला मिळत नाही," शिवणवाली हळूच म्हणाली, "तिची घागर आम्ही भरून ठेवतो." मग तिने कनवटीचं एक फडकं सोडलं. त्यात वीसेक सुया टोचलेल्या. तिला जवळचं दिसत नव्हतं. तरण्या मुलींनी बोलता बोलता त्या सगळ्या सुयांत दोरे ओवून दिले, आठवड्याचं तिचं काम झालं. कुणाची तरी सासू कशी चालते त्याची नक्कल झाली, आणि ती सासूही तिथेच बसून हसत होती.

फॉर्मबाईने चपला काढून पाय पाण्यात सोडले. अर्धा तास तिला कुणी काही विचारलं नाही, आणि तिनेही कुणाला काही विचारलं नाही. असं कधी झालं होतं ते तिला आठवेना.

यानंतर पाच आठवड्यांनी साहेबांनी तिला टेबलाशी बोलावलं. अहवाल चार दिवसांत द्यायचा होता. साहेब माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. तोही थकलेला होता, डोळ्यांखाली काळं, टेबलावर कालचा अर्धा कप चहा. भिंतीवर नकाशा होता आणि नकाशावर टाचण्या. विहीर खोदताना तेलकट चिखल वर येतो, तो साठवायला एक मोठा खड्डा लागतो. त्या खड्ड्याची लाल टाचणी टेकाडावर बरोबर भेगेच्या डोक्यावर रोवलेली होती.

"बाई, याच्या खाली काही नाही ना? तुमच्या फॉर्मांत काही दिसत नाही."

इथेच घोडं पेंड खात होतं. एकशे चाळीस फॉर्म, प्रत्येकावर तिची सही, आणि प्रत्येकात नळ. तो खड्डा तिथे झाला तर दोन वर्षांत त्या धारेला तेलाचा वास येईल, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने दुसरीकडे तसं झालेलं डोळ्यांनी पाहिलं होतं. सांगितलं तर शब्द मोडतो. नाही सांगितलं तर झराच जातो. "बघते," ती म्हणाली, आणि घरी आली.

रात्रीचं जेवण तिने ताटात नुसतं चिवडलं. नवऱ्याने विचारलं, तिने सांगितलं. "धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं," नवरा म्हणाला. मग पाण्याचा पेला तोंडाला लावत अगदी सहज म्हणाला, "तिलाच विचार की. लोकांना विचारणं हेच तर तुझं काम."

खरंच की! तिने लगेच फोन लावला. पण शिवणवालीच्या घरात फोन एकच, आणि तो तिच्या नवऱ्याकडे. "कोण?" पुरुषी आवाज आला. काय सांगणार होती ती? तुमच्या बायकोला बोलवा, तुम्हाला न सांगण्यातलं बोलायचं आहे? तिने फोन ठेवून दिला. म्हणजे आता जायला हवं. तीन तास एक बस, मग ताटकळून दुसरी, मग चढण. उद्या जाऊ, असं ठरलं. उद्या सकाळी उठली तर गुडघा फुगून टोपलीएवढा झालेला. परवा जाऊ. परवा गुडघा बरा होता, तसा. पण आईला दवाखान्यात न्यायचं निघालं, आणि तिथून परतल्यावर दुपारी फॉर्मबाई जी पलंगावर पडली ती पडलीच. तिने स्वतःशी म्हटलं, विचारून तरी काय वेगळं सांगणार आहेत त्या? पाणी वाचवा असंच म्हणतील ना? आणि खोटं कशाला बोला, तिला कंटाळा आला होता. नुसता कंटाळा. बावीस वर्षांचा.

चौथ्या दिवशी सकाळी तिने साहेबांना सांगितलं. खाली झरा आहे, बायका पाणी भरतात, माझ्या फॉर्मांत यायचा राहिला. साहेब रागावेल असं तिला वाटलं होतं. तो खुर्चीतून अर्धा उठला. "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं! जलस्रोत म्हणजे तक्ता चौदा." त्याची बोटं चालूही झाली होती. धार किती, वर्षभर असते का, किती घरं वापरतात. तिने सगळं सांगितलं. तेलवाल्यांच्या माणसाला फोन गेला, आणि दहा मिनिटांत खड्डा टेकाडाच्या पलीकडच्या अंगाला सरकला. लाल टाचणी साहेबाने स्वतः उपटून दुसरीकडे लावली. एवढं सोपं होतं! तिला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी ती जिना न थांबता उतरली. मिटिंगमध्ये साहेब म्हणाले, "बाईंमुळे झरा वाचला." नव्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. शब्द मोडला होता, पण झरा वाचला होता. तिने मनाची समजूत घातली.

वर्ष गेलं. विहिरी खोदायला सुरुवात झाली होती. अहवालात लिहिल्याप्रमाणे सगळं होतंय का, हे पाहायला कुणाला तरी पाठवायचं होतं. फॉर्मबाईला निवृत्त व्हायला तीन आठवडे राहिले होते. साहेब म्हणाले, "बाई, तुमचाच झरा आहे, तुम्हीच जा." या वेळचा फॉर्म दोन पानी होता, प्रश्न नऊ.

ड्रायव्हरने जीप थेट टेकाडाच्या मागे नेली. काटेरी झुडपं गेली होती, गाडीजोगा रस्ता झाला होता. भेगेभोवती पुरुषभर उंच जाळी. जाळीच्या दाराला कुलूप. पाटी: "संरक्षित जलस्रोत. आत येण्यास मनाई." डबक्यावर सिमेंटचं झाकण, त्यात मोटर, बाजूला काळी टाकी, आणि टाकीतून वस्तीत गेलेला पाइप. सपाट दगड टाकीच्या पायाला लावून टाकले होते. ड्रायव्हर म्हणाला, "झकास काम केलंय हो." फॉर्मबाईने बाटलीत पाण्याचा नमुना घेतला. पाणी स्वच्छ होतं, वास नव्हता. पहिल्या प्रश्नापुढे तिने लिहिलं: स्थिती उत्तम.

किल्ली पुढाऱ्याकडे असते, असं पंपवाल्याने सांगितलं. झऱ्याची समिती झाली होती, सात जणांची. त्यात बाई एक, पुढाऱ्याची आई, आणि ती अंथरुणाला खिळलेली.

शिवणवाली दारातच होती, मशीनवर. तिने फॉर्मबाईला पाहिलं आणि काम थांबवलं नाही.

"ये, बस," ती म्हणाली. बोलणं तुटक होतं, पण चहाचं आधण मात्र तिने ठेवलं. चहा झाला. फॉर्मबाईने पातेल्याकडे बघायचं टाळलं.

"मला माहीत आहे, मी शब्द मोडला," फॉर्मबाईच शेवटी म्हणाली. "पण अगं, बरोबर वरच खड्डा येत होता. तेलाचा चिखल. मी सांगितलं नसतं तर पाणी गेलं असतं गं सगळं."

"कळलं आम्हाला. पुढारी सांगत होता सभेत."

"मग? पाणी राहिलं ना?"

शिवणवालीने मशीन थांबवलं. "पाणी नळालाही येत होतं, बाई. खारट येत होतं, पण येत होतं. आम्ही काय पाण्यासाठी जात होतो तिथे?"

फॉर्मबाईने कप खाली ठेवला. झोपलेली सून, सासूची नक्कल, पाठ करणारी मुलगी, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं. सगळं तिने पाहिलं होतं. पाय पाण्यात घालून अर्धा तास बसून पाहिलं होतं. आणि साहेबाने "तक्ता चौदा" म्हटल्यावर मान डोलावली होती. झरा म्हणजे पाणी आणि पाणी म्हणजे चौदा, बावीस वर्षांची सवय. तक्ता एकतीसमध्ये लिहिलेल्या जागेला कुणी हात लावत नाही. तिथे पंप बसत नाही, समिती होत नाही. खड्डा तेवढाच सरकला असता, उलट जास्तच लांब गेला असता, आणि जागा जशी होती तशी राहिली असती. ओळ एकच, पण ती चौदात नाही, एकतीसमध्ये लिहायला हवी होती. पण ती ओळ तिला सुचणार नव्हती. ती या बाईच्या तोंडूनच यायला हवी होती.

"तू आली असतीस विचारायला," शिवणवाली म्हणाली, "तर आम्ही सगळ्यांनी बसून काहीतरी सांगितलं असतं. आम्हीच गेलो असतो साहेबाकडे, दहा जणी. आता काय, भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत."

"फोन केला होता गं. तुझ्या नवऱ्याने उचलला."

"आणि बस?"

फॉर्मबाईला गुडघ्याचं सांगता आलं असतं, आईच्या दवाखान्याचं सांगता आलं असतं. तिला लाज वाटली. एका दिवसाचा प्रवास होता. आयुष्यभर अनोळखी माणसांना हजारो प्रश्न विचारले, कोंबड्या किती ते विचारलं, आणि ज्या एका प्रश्नाला खरंच उत्तर हवं होतं तो विचारायचा कंटाळा केला.

"ती सून कशी आहे? झोपायची ती?"

"माहेरी गेली. आली नाही परत." शिवणवालीने हात झटकला. "तुझे प्रश्न विचार. तुझी जीप खोळंबली असेल."

फॉर्मबाईने फॉर्म मांडीवर घेतला. "पाणी कुठून भरता?"

"लिही, नळ," शिवणवाली म्हणाली. "आता खरंच नळ."

तिने लिहिलं. नऊ प्रश्न संपले. गेल्या खेपेला तक्ता एकतीसमध्ये स्मशान आणि मैदान यांपलीकडे काही नव्हतं, म्हणून या फॉर्मात जागांबद्दल प्रश्नच ठेवला नव्हता. फॉर्मबाईने पेन खाली ठेवलं. या वेळी ती उठली नाही.

"तुम्हाला महत्त्वाची वाटते अशी एखादी जागा?" तिने विचारलं.

शिवणवालीने तिच्याकडे बघितलं. तिने कनवटीचं फडकं काढलं आणि मशीनवर पसरलं. वीसेक सुया टोचलेल्या होत्या, आणि एकीतही दोरा नव्हता. तिने एक सुई उजेडाकडे धरली, दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं, आणि तीनदा चुकवलं.

"आण इकडे," फॉर्मबाई म्हणाली. तिने चष्मा पुसला, सुई घेतली, आणि ओवायला लागली. तिचीही नजर तेवढीच अधू होती. बाहेर ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. दोरा काही जाईना.